दुकान वाढव

आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात 'बंद' हा शब्द चालत नसे. कुणी चुकून विचारलंच, "शेठ, कधी बंद करताय?" तर शेठ गल्ल्यावरून मान वर करून म्हणायचे, "बंद तुजा तोंड कर. दुकान वाढवायचा असतो."

आता हे हल्लीच्या पोरांना सांगावं लागतं, म्हणून सांगते. बांगडी फुटली तरी फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. तसंच संध्याकाळी दुकान मिटायचं ते वाढवायचं. संपण्याचं नाव घेतलं की संपणं घरात शिरतं, अशी जुन्या माणसांची भीती. आम्ही विहारात जाणारी माणसं, शुभ-अशुभ काही मानत नाही. आमचे हे तर शेठना चिडवायचे, "काय शेठ, इतकी वर्षं रोज दुकान वाढवताय, पण दुकान आपलं तेवढंच!" शेठ हसायचे. मीही हसायचे. पण जिन्यावरून जाताना मलासुद्धा तो शब्द ऐकल्याशिवाय दिवस संपल्यासारखं वाटायचं नाही. "वहिनी, काय ऱ्हायलाय का? वाढवतो आता." मग खाली लोखंडी शटर खडखडत उतरायचं आणि मी वर दिवा लावायची.

शेठ म्हणजे काही पैशावाला शेठ नव्हे बरं का. खाडीकाठच्या गावातला साधा माणूस. दुकानदार म्हणून लोक शेठ म्हणायचे, एवढंच. कामतघर वस्तीतली आमची चाळ एकमजली. खाली रस्त्याच्या तोंडाला त्यांचं दुकान, मागं त्यांची राहायची खोली, आणि बरोबर तिच्या डोक्यावर आमची खोली. शेजारच्या गाळ्यात लूम, कापड विणायचे यंत्रमाग. सकाळची शिफ्ट सुटली की रात्रपाळी, खटखट कायम. तुम्ही बाहेरून आलात तर तुमचं डोकं उठेल. आम्हाला ती ऐकूच यायची नाही.

दुकानात मात्र ती दिसायची. शेठनी मागच्या भिंतीला फळ्या ठोकल्या होत्या आणि त्यावर काचेच्या बरण्या, पत्र्याच्या झाकणांच्या. लिमलेट, बडीशेप, खारी बिस्किटं, जिरागोळी. लूम चालू असले की ती झाकणं बारीक वाजत राहायची, कणकणकण, जणू कुणाला थंडी भरलीय. तराजूचा काटा कधी एका जागी ठरायचा नाही. शेठ दोन बोटांनी पारडं धरायचे आणि डोळा मारून म्हणायचे, "थंड हो ग बाय." पुडी बांधायला दोरा म्हणजे लूमच्या कांडीवर उरलेलं सूत. कामगार ते आणून द्यायचे. त्यामुळे आमच्या घरी येणारी तूरडाळ कधी निळ्या सुतात, कधी गुलाबी. बाजूला काय कापड निघतंय ते आम्हाला डाळीच्या पुडीवरून कळायचं.

आणि शुक्रवारी लूमला सुट्टी. त्या दिवशी सगळं गप्प. झाकणं गप्प, काटा सरळ उभा. शेठ म्हणायचे, "आज माजा आवाज मला ऐकू येतो, म्हनून मी शुक्रवारी जास्त बोलतो." आणि खरंच बोलायचे. कुणाचं पोर आजारी आहे, कुणाला गावावरून फोन आलाय, कुणाच्या घरी पाहुणे येणार म्हणून साखर जास्त लागणार, सगळं त्यांना माहीत. साखर संपली असली तरी संपली म्हणायचे नाहीत. "साखर येतेय" म्हणायचे. कुठून येतेय, कधी येतेय, विचारायचं नाही.

अशाच एका शुक्रवारी त्यांनी मला काउंटरच्या आत बोलावलं. चहाचा मोठा डबा सरकवला आणि म्हणाले, "वहिनी, हात ठेवा इथं."

"कशाला?"

"ठेवा तर."

मी भिंतीला हात लावला. भिंतीत बोटभर जागा उभी फाटली होती. गार लागली. आणि हाताखाली काहीतरी सरकत होतं, अगदी बारीक, पिठाच्या चाळणीतून रवा पडावा तसं. मी हात झटकन काढला.

"आतनं भुगा पडतोय," शेठ म्हणाले. "ही भिंत म्हातारी झाली. आनि आख्खी चाल हिच्यावरच उभी हाय. मी आता कायमचाच वाढवनार, वहिनी. मालकाला सांगतो, सगल्यांना सांगतो. तुमी बी दुसरीकडं खोली बघा."

कायमचं वाढवणार. हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा एकत्र ऐकले. वर येऊन मी भात टाकला, पण तळव्याला तो भुगा लागल्यासारखं वाटत राहिलं. दोनदा हात धुतले.

पण ते कुणाला सांगायचं राहूनच गेलं. त्याच आठवड्यात, पोहे जोखता जोखता, शेठच्या हातातून पारडं सुटलं आणि ते गोणीवर कलंडले. अर्धांगाचा झटका. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली.

त्यांचा मुलगा पूर्णा गावातल्या एका मोठ्या गोडाऊनमध्ये कामाला. खोकी स्कॅन करायची ड्युटी. चांगला मुलगा, लहानपणापासून मला काकू म्हणतो, माझ्या हातची भाकरी खाऊन मोठा झालेला. पण त्याला दुकानाची लाज वाटायची. गोडाऊनमध्ये रोज लोकांच्या घरी जाणारा माल बघायचा आणि म्हणायचा, "काकू, बाबा अजून पुड्या बांधतायत. जग कुठं गेलं!" त्याच्या मनात मार्ट काढायचं होतं. थंड पाण्याचा फ्रिज, काचेचं दार, रॅक, सगळं.

दवाखान्यात मी डबा घेऊन गेले होते तेव्हाची गोष्ट. शेठ पडून होते, तोंड एका बाजूला ओढलेलं. मुलगा कानाशी वाकून विचारत होता, "बाबा, दुकानाचं काय करू? सांगा ना, काय करू?"

शेठचे ओठ हलले. सगळं अंग त्या ओठात आणून त्यांनी शब्द बाहेर काढला. "वा... वाढव."

"दुकान वाढवू?"

"वाढव. वाढव."

मुलाचे डोळे भरून आले. माझ्याकडं वळून म्हणाला, "ऐकलंत ना काकू? बाबांनी स्वतः सांगितलं!"

मी म्हटलं, "अरे बाळा, वाढव म्हणजे मिट म्हणतायत ते. दुकान मिट. भिंत गेलीय, मला दाखवली त्यांनी."

"काकू, वाढव म्हणजे वाढव. मराठीच आहे ना ही?"

"मराठीच आहे रे, म्हणून तर सांगते!"

"आजकाल असं कोण बोलतं? आणि भिंतीचं म्हणाल तर बाबांना फ्रिज घ्यायचीपण भीती वाटायची."

आता खरं सांगायचं तर त्याचंही चुकीचं म्हणवत नव्हतं. कारण तेवढ्यात नर्स पाणी घेऊन आली, तेव्हाही शेठ म्हणाले, "वाढव." तिनं उशी सरळ केली, तरी "वाढव." आयुष्यभर रोज संध्याकाळी जो शब्द जिभेवर होता, तेवढा एकच झटक्यानं मागं ठेवला होता. बाकी सगळे पुसून टाकले. आता त्या एका शब्दात त्यांना पाणीही मागायचं होतं, उशीही, आणि भिंतीचंही सांगायचं होतं. माझ्याकडं बघून त्यांनी तो शब्द पुन्हा म्हटला. मला त्यात भिंत ऐकू आली. मुलाला मात्र त्यात आशीर्वाद ऐकू आला. त्याला हवा होता, मिळाला.

पंधरवड्यात मिस्त्री आला. दुकान आणि मागची खोली एक करायची, म्हणजे मधली भिंत पाडायची. तीच भिंत.

मी खाली जाऊन उभी राहिले. "मिस्त्री, ही भिंत काढू नका हो."

"आंटी, गर्डर डाला है, गर्डर," तो म्हणाला. "दो माला और चढ़ा दो, तो भी कुछ नहीं होगा."

वर माझ्या शेजारी उत्तरेकडची एक भाभी राहते, नवरा लूमवर, पदरी लहान मुलं. मी तिला सगळं सांगितलं तर तिनं कपाळावर हात मारला. "चाची, हमारे गाँव में भी दुकान बढ़ाते हैं! बंद थोड़े बोलते हैं, मनहूस लगता है." मला इतकं बरं वाटलं. इतक्या लांबची बाई, तिला कळलं, आणि पोटच्या पोराला कळेना. ती माझ्याबरोबर खाली आली, तिनंही सांगून बघितलं. मुलगा हसला. "भाभी, आपका गाँव अलग, इधर का अलग."

घाव पडायला लागले. प्रत्येक घावाला माझ्या मांडणीतली भांडी उडायची. चाळीचा मालक शेलार गावात राहतो, त्याला मी फोन केला. "बघतो," म्हणाला. त्याचं ते 'बघतो' अजून चालूच आहे.

भिंत गेली. गर्डर लागला, त्याला छान पांढरा रंग दिला. आणि वर आमच्याकडं काय व्हायला लागलं ते ऐका. माझ्या दाराची कडी नुसती ढकलली की पडायची, ती आता पडेना. दार उचलून धरावं लागे. भिंतीवरचा आमच्या ह्यांचा फोटो रोज सकाळी वाकडा. मी सरळ करायची, दुसऱ्या दिवशी वाकडा, त्याच बाजूला. एकदा भाजी चिरताना लिंबू हातातून पडलं, तर ते घरंगळत निघालं आणि मागच्या कोपऱ्यात जाऊन थांबलं. मी उचलून पुन्हा मध्ये ठेवलं. पुन्हा निघालं. मी जमिनीवर बसून त्या लिंबाकडं बघत राहिले. भाभी दारात आली, तिनंही बघितलं. मुलांना उचललं आणि पुढच्या पॅसेजमध्ये नेऊन बसवलं. त्या दिवसापासून तिची पोरं तिथंच अभ्यास करायची.

मी मुलाला लिंबाचं सांगितलं. म्हणाला, "काकू, जुनी चाळ आहे, फरशी पहिल्यापासून उताराची असेल." मी इथं नवरी म्हणून आले, फरशी मी पुसते, आणि उतार त्याला माहीत!

नव्या दुकानाचं उद्घाटन शुक्रवारी ठेवलं. लूमची सुट्टी, गिऱ्हाईक मोकळं असतं म्हणून. झेंडूच्या माळा, दिव्यांच्या माळा, दारात सरबत. आत सगळं चकचकीत. रॅकवर पाकिटं, मागं फ्रिज, जिथं भिंत होती तिथून आरपार मोकळं. जुनं काही ठेवलं असेल तर शेठच्या बरण्या. बाजूच्या भिंतीला उंचावर एक फळी मारून त्या ओळीनं मांडल्या होत्या, रिकाम्याच. "लूक येतो, काकू," मुलगा म्हणाला.

शेठना दवाखान्यातून आणून प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि दोघांनी उचलून आत आणलं. नवा पांढरा शर्ट, केसांना तेल. खुर्ची मध्यभागी ठेवली. मी जवळच उभी होते. शेठची नजर हळूहळू फिरली. दार, रॅक, फ्रिज. मग ती मागं गेली आणि भिंत शोधू लागली. चहाचा डबा जिथं असायचा तिथं थांबली. तिथं काही नव्हतं. त्यांचा चांगला हात खुर्चीच्या दांडीवर आवळला.

"बाबांच्या हातूनच नारळ वाढवायचा," मुलगा म्हणाला आणि फोटोसाठी सगळ्यांना गप्प केलं.

सगळे गप्प झाले. आणि त्या शांततेत मी ऐकलं. कणकणकण.

झाकणं वाजत होती. थंडी भरल्यासारखी, बारीक. मला आधी काही वाटलंच नाही, इतकी सवय. मग लक्षात आलं. शुक्रवार होता. लूम गप्प होते.

शेठनी मान वर करून बरण्यांकडं बघितलं. "वाढव!" ते ओरडले. "वाढव! वाढव!"

लोकांनी टाळ्या पिटल्या. "बघा, शेठना केवढी घाई झालीय!"

"अरे द्या त्यांच्या हातात नारळ!"

कुणीतरी नारळ त्यांच्या हातात कोंबला. शेठनी तो फेकून दिला. तो फुटला नाही. नव्या टाइल्सवर पडला, गरगरला, आणि माझ्या लिंबासारखाच मागच्या कोपऱ्याकडं निघाला. फ्रिजच्या पुढून, गर्डरखालच्या खांबापर्यंत गेला आणि तिथं टेकला.

शेठनी माझा पदर धरला. "वाढव," म्हणाले. आता ओरडून नव्हे, रोज संध्याकाळी म्हणायचे तसं. मी वाकले. "शेठ, सगळ्यांना बाहेर काढू? वरच्यांनापण?" त्यांनी डोळे मिटले आणि पदराला झटका दिला.

मग मी वेळ घालवला नाही. कोपऱ्यातली शटर ओढायची सळई उचलली आणि शटरवर दाणकन मारली. "दुकान वाढवलंय! बाहेर व्हा सगळे! आधी बाहेर!"

"काकू, आज तरी असं नका करू!" मुलगा रडकुंडीला आला.

"म्हातारीला दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही," कुणीतरी मागून बोललं. बोलू दे. मी पुन्हा सळई मारली. जिन्यापाशी भाभी उभी होती. 'वाढवलंय' एवढंच तिच्या कानावर गेलं आणि ती वर पळाली, थाळी वाजवत, दारं ठोकत. "उतरो! सब उतरो! दुकान बढ़ गयी!"

सरबताचे ग्लास लवंडले, हार तुटले. शेठ माझा पदर सोडेनात, म्हणून मुलाला त्यांची खुर्ची उचलून बाहेर आणावीच लागली. वरची माणसं उतरली, कुणी साबण लागलेल्या अंगानं, कुणी पीठ लागलेल्या हातानं. भाभीची पोरं दप्तरं घेऊनच आली. रस्त्यापलीकडं सगळे उन्हात उभे, आणि चाळ आपली शहाण्यासारखी जागच्या जागी. दिव्यांच्या माळा लुकलुकतायत.

लोक मला बोलायला लागले. काय काय बोलले ते सांगत नाही. एकजण म्हणाला, "काकू, आता चाळ पडेपर्यंत उभं राहायचं का आम्ही?" हशा झाला. मला स्वतःचीच शंका यायला लागली. शेठ मात्र चाळीवरची नजर काढेनात. मी शटरवर सळई मारली तेव्हा ते थोडं खाली आलं होतं. मुलगा तणतणत रस्ता ओलांडून गेला आणि ते वर ढकलायला लागला. शटर हलेना. चौकट वाकडी होऊन त्यात अडकलं होतं. त्यानं खांदा लावला.

शेठच्या घशातून आवाज आला. या वेळी शब्दही नव्हता. मुलगा वळला, बापाकडं बघितलं, आणि काय वाटलं त्याला कोण जाणे, दोन पावलं मागं आला.

तेवढ्यात चाळ बसली. पडली म्हणवत नाही मला. म्हैस पाण्यात बसते तशी मागची बाजू सावकाश खाली गेली, माझी खोली तिच्यासकट, आणि मग धूळ वर आली. आवाज नंतर आला. धूळ खाली बसली तेव्हा पुढचं शटर तसंच अर्धवट उभं होतं, झेंडूची माळ लटकत होती, मागं आभाळ दिसत होतं. भाभी पोरांची डोकी पुन्हा पुन्हा हातानं चाचपत होती. सगळे होते. माणूस एकही गेलं नाही. मुलगा रस्त्यातच बसला आणि बापाच्या पायावर डोकं ठेवून हुंदके देऊ लागला. शेठचा चांगला हात त्याच्या केसांतून फिरत राहिला.

आता मी शेलारला लेकीकडं असते. बिल्डिंग नवी आहे, लिंबू ठेवलं तर जागचं हलत नाही. ठेवून बघते मी अजून, लेक हसते. खाली दुकान आहे, काचेचं दार, दारावर उलटसुलट फिरवायची पाटी. एका बाजूला ओपन, दुसऱ्या बाजूला क्लोज. दुकानदार संध्याकाळी पाटी फिरवतो, कुणाला काही विचारत नाही. तूरडाळ पाकिटातून येते. बाजूच्या गाळ्यात कुठल्या रंगाचं कापड निघतंय, ते काही कळत नाही. मी त्या वेळी खिडकीत उभी राहत नाही.

शेठ मुलाकडं असतात, पूर्ण्याला, भाड्याच्या खोलीत. मुलगा पुन्हा गोडाऊनच्या ड्युटीवर लागला. त्याची दिवसपाळी असली की मी रिक्षा करून जाते, शेठना दुपारचं जेवू घालते. परवाही गेले होते. खोलीच्या समोरून गोडाऊनचे ट्रक जातात, एकामागून एक, शुक्रवार नाही की काही नाही. ट्रक गेला की मांडणीतली भांडी वाजतात. शेठ त्या भांड्यांकडं बघत जेवतात.

मी विचारलं, "भात वाढू?"

"वाढव."

वाढला. वरण घातलं. चार घास त्यांनी नीट खाल्ले, मग थांबले.

"अजून वाढू का?"

बाहेर मोठा ट्रक गेला. भांडी वाजली, मग थांबली. शेठची नजर मांडणीवरच होती. त्यांनी चांगला हात ताटावरून काढून मांडीवर ठेवला.

"वाढव," म्हणाले.

रोज संध्याकाळी म्हणायचे तसं. भात हवा म्हणतायत, का पुरे म्हणतायत, का आणखी काही, ते मला कळेना. भातानं भरलेला डाव हातात तसाच धरून मी म्हटलं, "शेठ, भात ना? भातच ना?"

आणि त्यांच्या हाताकडं बघत राहिले.